छापखोलीच्या नोंदी: भांड्यांवरची नावं

3 मे

वाड्याची ओसरी आणि मागच्या दोन खोल्या आजपासून आपल्या ताब्यात. करार पाच वर्षांचा, भाडं मालकांनी नावापुरतं ठेवलंय. अट एकच: सागवानी खांबांना खिळा मारायचा नाही. मान्य.

ही जागा कशासाठी, ते पहिल्या पानावर लिहून ठेवते. कॉलेज सुटलं की प्रिंटमेकिंग, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून हाताने चित्रं छापणं, सुटतं. मी स्वतः सात वर्षं एकही प्लेट छापलेली नाही. चित्रकार कागद-रंग घरी आणू शकतो, अर्ध्या टनाचा प्रेस कोणी घरी आणत नाही. म्हणून हे काम पहिल्यापासून भागीदारीत चालत आलंय. बडोद्यात 1999 पासून ‘छाप’ ही सामायिक कार्यशाळा उभी आहे, न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट ब्लॅकबर्न यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कार्यशाळेचं दार सगळ्यांना उघडलं. यंत्र एकाचं नाही, सगळ्यांचं. नाशकात तसंच करायचंय. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली आहे, बँकेत खातं उघडलंय.

14 मे

प्रेस आला! अंबडच्या एका फॅब्रिकेटरने बनवलाय. त्यांनी एचिंग प्रेस कधी पाहिला नव्हता. पण पत्रा गोल करायचं रोलिंग मशीन त्यांच्याकडे रोज चालतं, त्यामुळे दोन रोलर आणि मधून सरकणारा बेड एवढं म्हटल्यावर पहिल्याच भेटीत त्यांना समजलं. बेड 20 मिमी जाडीचा, 2 बाय 4 फूट. वरचा रोलर 6 इंची, लेथवर फिनिश केलेला. गिअर लावल्यामुळे शाळकरी मुलगीही चाक फिरवू शकते.

दारातून आत न्यायला आठ माणसं, चार पाइप आणि दोन तास लागले. गल्लीतल्या सगळ्यांनी हात लावला. शेजारच्या काकूंनी नारळ वाढवला, बेडवर हळदीकुंकू वाहिलं. पुसताना माझ्या जिवावर आलं.

27 मे

तेरा दिवस झाले आणि अजून एकही धड छाप नाही. प्रत्येक छापाची डावी बाजू फिकट. डावा स्क्रू आवळला की उजवी जाते. नमदे (रोलर आणि कागदाच्या मध्ये घालायच्या लोकरीच्या जाड पट्ट्या) बदलून पाहिले, कागद जास्त भिजवून पाहिला. फॅब्रिकेटरना दोनदा फोन केला. ते येऊन रोलर मोजून गेले, रोलर सरळच आहे.

30 मे

कारण सापडलं, आणि ते यंत्रात नव्हतंच.

आबा आले होते. नाशकात ‘प्रेसमध्ये होतो’ म्हटलं की वेगळं काही विचारावं लागत नाही. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस 1925 चा, नोटांचा प्रेस 1928 चा, आणि जुन्या शहरात दर चार घरांमागे एखादं तरी माणूस तिथून निवृत्त झालेलं. आबांचं सगळं आयुष्य तिथल्या इंटॅग्लिओ, म्हणजे खोदलेल्या प्लेटवरच्या, छपाईत गेलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या तीन पट्ट्या कापल्या, रोलरखाली डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे ठेवल्या, रोलर टेकवला आणि एकेक ओढली. उजवी फाटली, मधली अडली, डावी अलगद बाहेर आली. मग ते खाली वाकले आणि पाणसळ मागितली. वाड्याची शहाबादी फरशी ओटीकडे उतरती आहे. एक पाय जवळपास अधांतरी होता, त्यामुळे अख्खी फ्रेम पिळली गेली होती. त्या पायाखाली 3 मिमीची पट्टी सारली, दोन्ही स्क्रू सारखे फिरवले. पुढचा छाप कडेपासून कडेपर्यंत एकसारखा काळा.

निघताना त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून आमच्या दोन विद्यार्थिनींच्या हातात दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, कडेच्या तिरक्या रेषा आणि दृष्टिहीनांसाठीचं वर्तुळ, सगळं बोटाला लागतं. ही खोदलेल्या प्लेटवरची छपाई. शाई प्लेटच्या खाचेत भरायची, वरची पुसून टाकायची, आणि दाबाने कागदच खाचेत उतरवायचा. ठसा वर उठतो तो शाईचा. लिनोकट आणि लाकूडठशात याच्या उलट, जे कोरून काढलं ते कोरं राहतं. मी हे फळ्यावर तीन वेळा काढून दाखवलं होतं. मुलींना ते कळलं आज, बोटांनी.

8 जून

आम्लाची खोली, जिथे प्लेटवरच्या रेषा आम्लाने खोदल्या जातात, मागच्या अंगणात, पत्र्याखाली. नायट्रिक आम्ल आणायचं नाही असं आधीच ठरलंय. त्याच्या वाफा फुप्फुसात जातात, आणि दाट वस्तीत ती जोखीम घ्यायची नाही. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतो. सर्किट बोर्ड करणारे हेच वापरतात. वाफ नाही, फक्त डाग पडतो. प्लेट टाकीत उभी सोडायची, नाहीतर खाचेत गाळ बसतो आणि रेष अर्धवट खाल्ली जाते.

खरा प्रश्न वापरलेल्या द्रावाचा. त्यात तांबं उतरलेलं असतं, आणि तांब्याचे क्षार पाण्यातल्या जिवांना मारक असतात. आमच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते सांगायला नको, गोदावरी चालत दहा मिनिटांवर आहे. म्हणून नियम केला: वापरलेल्या द्रावात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा. फसफसतं, त्यामुळे बादली अर्धीच भरायची. आम्लपणा गेल्यावर तांबं तळाशी बसतं. वरचं पाणी तपासून बाजूला, गाळ बंद डब्यात, आणि डबा भरला की घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे. एक थेंबही मोरीत नाही. ही पाटी मी मोठ्या अक्षरात लिहून लावली आहे, आणि या बाबतीत कुणालाही सवलत नाही, मलाही नाही.

शाई पुसायला टर्पेंटाइन नाही, शेंगदाण्याचं तेल. मग साबण.

22 जून

पाऊस लागलाय. भिजवून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेल्या कागदांवर तिसऱ्या दिवशी बुरशी आली. चौदा ताव गेले, सगळे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे हातकागद. पुढच्यापासून भिजवलेला कागद फ्रीजमध्ये. जुना फ्रीज काकूंनी देऊ केलाय.

प्रेसचा बेड रोज तेलाच्या फडक्याने पुसायचा. विसरलो की दुसऱ्या सकाळी गंज.

2 जुलै

प्लेटसाठी तांबं हवं म्हणून तांबट लेनमध्ये गेले. पत्रा वजनावर मिळतो आणि महाग पडतो. विद्यार्थ्यांना परवडणारच नाही. एका दुकानात काकांनी कापताना उरलेले तुकडे दाखवले. हाताएवढे, काही बोटाएवढे. ‘हे भंगारात जातं ताई, तुम्ही न्या, तेवढेच पैसे द्या.’

बोलता बोलता मी मिरजेच्या गीतेचा विषय काढला. 1805 साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली ती खिळ्यांवर नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. पत्रा कोरून छापायचं काम त्याआधी पुण्यात नाना फडणविसांच्या काळात एका तांबटाच्या हातूनच सुरू झालं होतं. काकांनी हातोडी खाली ठेवली. ‘तांबटाने पोथी छापली?’ मी हो म्हटलं. त्यांनी मुलाला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

6 जुलै

हा दिवस नीट लिहायचाय.

काका छापखोलीत आले, येताना हातोडी आणि टोच्या घेऊन. भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांनी वीस-पंचवीस वर्षं केलं. आता सगळीकडे विजेचं मशीन आहे, गर्रर्र करत दोन मिनिटांत नाव होतं. पण काकांचं अक्षर हाताचं. टोच्या उभा धरायचा, हातोडीचा अगदी हलका ठोका, टोच्या केसभर पुढे, पुन्हा ठोका. ठिपक्याला ठिपका लागून रेष होते. ते मध्ये श्वास घेतात तो फक्त काना-मात्रा संपल्यावर. मी त्यांना एक तुकडा दिला आणि म्हटलं, काहीही घाला. त्यांनी ‘श्री’ घातलं.

शाई भरली, जाळीच्या कापडाने पुसली, मग तळहाताने. कागद ठेवला, नमदे टाकले, चाक फिरवलं. कागद उचलला तर ‘श्री’ उलटा. पण काकांचं लक्ष उलटेपणाकडे नव्हतंच. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. प्रत्येक ठिपक्याभोवती मखमलीसारखी काळी धार होती. टोच्या आत जाताना तांबं कडेला उचललं जातं, त्या उचललेल्या कडेला शाई अडकते. ड्रायपॉइंटमध्ये आम्ही सुईने ओरखडून हीच धार मिळवतो. काकांना ती ठोक्यागणिक मिळत होती.

‘माझा ठोका एवढा जोरात बसतो?’ ते म्हणाले. मग दुसरा ‘श्री’ घातला, हात हलका ठेवून. दोन्ही छाप शेजारी लावलेत. दुसरा नाजूक आहे, पहिला मला जास्त आवडतो.

त्याच संध्याकाळी डोक्यात आलं. काकांचं आणि त्यांच्या आधीच्यांचं खोदकाम या शहरात घरोघरी आहे. फडताळात, माळ्यावर, तुळशीजवळ. ‘चि. सौ. कां.’ आहे, ‘कै. यांच्या स्मरणार्थ’ आहे. हजारो प्लेटा तयार पडल्या आहेत आणि कोणीही त्यांना शाई लावलेली नाही.

13 जुलै

गल्लीत सांगितलं होतं, नाव असलेलं सपाट भांडं आणा. सकाळी दहापर्यंत ओसरीवर अकरा भांडी: ताटं, तबकं, दोन झाकणं, एक पोळपाटाएवढी पितळी तसराळी.

काठ असलेलं ताट रोलरखाली जात नाही. मग हाताने: पातळ ओला कागद नावावर ठेवायचा, वर मऊ कापड, आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घासायचं. छाप येतो. पण भांड्यावर नाव सुलट असतं, म्हणून कागदावर उलटं. प्लेट कोरताना उलट कोरता येते, इथे ती सोय नाही.

त्यावर जुना उपाय आहे. पहिला छाप ओला असतानाच त्यावर दुसरा ओला कागद ठेवायचा आणि दोन्ही मिळून प्रेसमधून काढायचे. शाई दुसऱ्या कागदावर उतरते, अक्षर सुलट होतं. थोडं फिकं येतं, पण वाचता येतं. पाच नावं अशी सुलट केली.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. काकांच्या नव्या तुकड्यावरची मखमली धार जुन्या भांड्यांवर कुठेच नाही. राखेने आणि चिंचेने रोज घासून ती गेली. ठिपके उरले, तेही काठाकडे उथळ. एका ताटावर नावाची पहिली दोन अक्षरं ठळक आहेत, पुढची दिसेनाशी, कारण घासणारीचा हात त्या बाजूला जास्त पडायचा. किती वर्षं भांडं घासलं ते छापात उमटतं.

घरात वापरायच्या भांड्यांना फक्त काजळीची शाई, रंगीत अजिबात नाही. परत देताना तेल, साबण, गरम पाणी, आणि मालकिणीसमोर पुसून.

19 जुलै

आज फक्त मुलांचा वर्ग. द्राक्षाच्या जाड पेट्यांवर कोलाग्राफ: पुठ्ठा कापून-चिकटवून, वर फेविकॉल फासून. पेट्या निफाडच्या एका शेतकऱ्याने दिल्या, शंभर तरी असतील. खर्च शून्य.

5 ऑगस्ट

गोल भांड्यांचं काय करायचं? कळशी, तांब्या, गडू. नाव पोटावर असतं, आणि बायका सगळ्यात जास्त तेच घेऊन येतात.

इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापिका सदस्य झाल्या आहेत. त्यांनी विचारलं, ‘शिलालेखाचे ठसे कसे घेतात माहीत आहे ना?’ पांडवलेण्यांतले ब्राह्मी लेख अभ्यासकांनी वाचले ते अशाच ठशांवरून. तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा मोठा लेख त्यातलाच. चिवट पातळ कागद ओला करून अक्षरांवर चिकटवायचा, ताठ ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, आणि कागद सुकत आला की वरून शाईची पुरचुंडी टिपायची. खाचेतला कागद कोरा राहतो, बाकी काळं. शाई भांड्याला लागतच नाही. आणि अक्षर सुलट, कारण शाई कागदाच्या बाहेरच्या अंगाला आहे!

लेण्यांना आपण हात लावायचा नाही, ते संरक्षित स्मारक आहे. पण काकूंच्या कळशीला कोण अडवतंय. पहिले तीन प्रयत्न फसले. एकदा कागद फाटला, दोनदा शाई ओली होती म्हणून आत शिरली. चौथ्याला नाव आलं. काळ्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यांची रांगोळी जोडायची राहिल्यासारखे. खाली ‘शके 1871’. म्हणजे 1949-50.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ही सासूबाईंची.

24 ऑगस्ट

विश्वस्तांची बैठक, तीन तास. मुद्दा एकच: नावांचे छाप विकायचे का?

दोघांचं म्हणणं, विकावेत. भाडं, कागद, वीज याला पैसा लागतो, आणि हेच काम लोक विकत घेतील. त्यांचं चुकत नाही. प्रिंटचं सामर्थ्यच ते आहे, एका प्लेटमधून वीस छाप निघतात आणि वीस घरांत जातात. रविवर्म्याने 1894 साली छापखाना काढला तो याच कारणासाठी, आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनीही सिनेमाआधी रविवर्म्याच्या छपाईत हात काळे केले होते. भिंतीवरचं चित्र साध्या माणसाला परवडावं, हे मलाही मनापासून पटतं.

पण ही नावं आमची नाहीत. कोणाची तरी आजी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात किंमत लावून टांगायची, हे मला जमणार नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. ठरलं ते असं: प्रत्येक नावाचे दोनच छाप. एक घरच्यांना, एक छापखोलीच्या पेटीत. विक्री नाही. घरच्यांनी परत मागितला तर पेटीतला त्यांना द्यायचा.

पैशासाठी दुसरी सोय. बारा सदस्यांनी आपापल्या एका प्लेटचे चौदा-चौदा छाप काढायचे. बारा संच सदस्यांना, दोन छापखोलीला. त्यातला एक विकायचा. शिवाय वर्गांची फी. ज्याला फी जमत नाही त्याने आठवड्यातून एकदा नमदे धुवायचे, तेही सक्तीने नाही.

11 सप्टेंबर

एक आजी आल्या, नातीबरोबर. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पितळी तबक. कडेला बारीक अक्षरात नाव आणि पुढे ‘सिन्नर’.

छाप सुलट करून टेबलावर ठेवला. नातीने वाचला आणि म्हणाली, ‘हे कोणाचं? आजी, हे तुझं नाही.’ आजी म्हणाल्या, ‘माझंच आहे. लग्नाच्या आधीचं.’ वडिलांनी रुखवतात दिलेलं तबक, माहेरच्या नावानिशी. लग्नात नाव बदललं, आडनावही आणि पाळण्यातलंही. घरात आता ते नाव माहीत असलेलं कोणी नाही. नात सव्वीस वर्षांची आहे, तिने पहिल्यांदा ऐकलं.

नाव इथे लिहीत नाही. आजींनी ते भिंतीवर लावायला दिलंय, वहीत उतरवायला दिलेलं नाही.

28 सप्टेंबर

मांडणी सुरू. खांबांना खिळा नाही, म्हणून खांबाखांबांमध्ये सुतळी बांधली आणि छाप चिमट्यांनी लावले, धुणं वाळत घातल्यासारखे. एकूण 43 नावं. शक्य तिथे खाली चौरंगावर ते भांडंच.

आबांचा आग्रह: लोकांना हात लावू द्या. कलादालनात ‘हात लावू नये’ असं लिहितात, आणि ही छपाई तर बोटाने वाचायची आहे. म्हणून काकांच्या दोन ‘श्री’चे जादा छाप दारातच ठेवलेत, प्लेटांसह. मळले तर मळले, पुन्हा काढू.

4 ऑक्टोबर

ओसरी संध्याकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत रिकामी झाली नाही. चपला मोजल्या नाहीत, पण गल्लीच्या वळणापर्यंत होत्या. भाषण नाही, फीत नाही. काका दाराशी बसले, टोच्या घेऊन, आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव तुकड्यावर घालून दिलं. या वेळी उलटं, आरसा न बघता. तीन महिन्यांत शिकले.

सिन्नरचं तबक घेऊन आजी पुन्हा आल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन अनोळखी बायका छाप वाचत होत्या, मोठ्याने, अक्षर लावत लावत. आजी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. बायकांनी नाव पूर्ण वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हो, काय?’

5 ऑक्टोबर

दुपारी उघडलं. नमदे कडक झालेत, कागदातली खळ बसली असणार. कोमट पाण्यात धुऊन सावलीत टाकले. ‘श्री’चा जादा छाप बोटांनी काळा झालाय, दुसरा ठेवला.

तीन नवी भांडी नोंदवून घेतली. त्यातला एक हंडा आहे, तांब्याचा. नाव पोटाभोवती पूर्ण वेढा घालून येतं, जिथून सुरू झालं तिथेच संपतं. चार फुटांची पट्टी लागेल, सांधा न देता. उद्या सकाळी कागद भिजवायचा.